गल्ली भरलेली आढळली

२ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी

आजपासून मी नगरपरिषदेच्या पार्किंग व फलक समितीचा अध्यक्ष. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. चांगलं दिसतं.

खरं तर मी पाणीपुरवठा मागितला होता. तो दुसऱ्याला गेला. मग रस्ते मागितले, तेही गेले. पार्किंग व फलक हे नाव निघालं तेव्हा सभागृहातले सगळे सदस्य एकदम छताकडे बघायला लागले. छतात बघण्यासारखं काही नाही. एक पंखा आहे आणि तो बंद असतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी जागा मोकळी ठेवली. अशी माणुसकी आजकाल कुठे दिसते?

घरी येऊन हिला सांगितलं. ही दुकानात होती. हिने विचारलं, पगार आहे का? नाही. गाडी देतात? नाही, आपलीच वापरायची. मग आहे तरी काय? म्हटलं, अधिकार आहे. ही बरं म्हणाली आणि कुणाच्या तरी पँटची झिप उसवायला लागली.

हिचं दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. कपडे दुरुस्ती. झिप, बटण, उंची कमी, कंबर सैल. दारावर लाकडाची मोठी कात्री रस्त्यात डोकावते, तीच पाटी. समाजकार्यामुळे माझ्या विम्याच्या धंद्याकडे जरा दुर्लक्ष झालं (नऊ वर्षं), तेव्हापासून हे घर कात्रीवर चाललंय, असं सासरेबुवा येता-जाता ऐकवतात. ते आमच्याकडेच राहतात आणि दिवसभर गॅलरीत बसून गल्ली बघतात. रिकामपणाचे उद्योग.

संकल्प: पहाटे उठणे. रोज रोजनिशी. समोरच्या दातवाल्याचा बंदोबस्त.

७ सप्टेंबर, रविवार

पहाटे उठलो नाही. रविवार होता. मधल्या दिवसांत रविवार नव्हता, पण पदाचा ताण होता. रोजनिशीचंही तेच.

दातवाल्याविषयी. आमच्या बरोबर समोर त्याचा दवाखाना. त्याचे पेशंट गाड्या लावतात त्या आमच्या फाटकासमोर. दाढ ठणकत असलेल्या माणसाला फाटक दिसत नाही, हे मी समजू शकतो. पण हे झालं येताना. जाताना तर दाढ नसते! मागच्या महिन्यात एकदा मला गाडी बाहेर काढता आली नाही. कुठे जायचं होतं असं नाही. पण जायचं असतं तर?

शिवाय त्याची पाटी. माणसाच्या उंचीची दाढ, आतून दिवा लावलेली, भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली. गल्लीच्या दोन्ही टोकांवरून दिसते. गल्लीत शिरताना आपण कुणाच्या तरी तोंडात शिरतोय असं वाटतं.

आज त्याला चांगलं सुनावायला गेलो. त्याने माफी मागितली, आत बोलावलं, चहा पाजला, आणि निघताना एक टूथब्रश दिला. मऊ. फाटकापाशी आल्यावर लक्षात आलं की सुनावायचं राहिलंच.

ही म्हणते, डॉक्टरांच्या वाटेला जाऊ नका. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लोकांना करायला काही नसतं, मग ते गल्ली ओलांडून हिच्याकडे येतात आणि गाडीच्या डिकीत महिनोन् महिने पडलेली पँट टाकून जातात. निम्मं गिऱ्हाईक तिकडूनच येतं म्हणे. हिला धोरण म्हणजे काय हे समजावणं अवघड आहे. ही एकेका माणसाचा विचार करते. मी शहराचा करतो.

१० सप्टेंबर, बुधवार

समितीची पहिली बैठक. माझ्यासह सदस्य सात आणि तक्रारी सात. प्रत्येकाची तक्रार स्वतःच्या घरासमोरची. जनतेच्या प्रश्नांशी इतकी जवळीक मी पूर्वी पाहिली नव्हती.

आमचे सचिव म्हणजे गच्च भरलेलं कपाट. दार जरा उघडलं की एक नियम अंगावर पडतो. आज तीन पडले. स्थळपाहणीशिवाय निर्णय नाही. अध्यक्ष आणि सगळे सदस्य हजर असल्याशिवाय पाहणी नाही. आणि प्रवासभत्ता हवा असेल तर प्रत्येकाने स्वतःच्या चारचाकीतून यायचं. दोघं एका गाडीतून आले तर दोघांनाही भत्ता नाही, कारण कुणी कुणाला आणलं हे ठरवायचा नियमच नाही.

पहिली पाहणी कुठे करायची यावर सातही जणांनी आपापल्या गल्लीचं नाव घेतलं. मी अध्यक्ष या नात्याने निःपक्षपातीपणे माझी निवडली.

१६ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी

पाहणी झाली. यश! यश!

गल्लीची अवस्था माझ्या अपेक्षेपेक्षाही भीषण निघाली. नगरपरिषदेतून मी जरा उशिरा पोचलो तर आत शिरायलाच जागा नाही. आमच्या फाटकासमोर एक पांढरी गाडी, तिच्यामागे लाल (उपाध्यक्षबाई तिच्यातूनच उतरत होत्या), पुढे दोन गाड्या समोरासमोर तोंड करून, मधून सायकल जाईना. मला, या गल्लीच्या रहिवाशाला, स्वतःच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना! शेवटी दातवाल्याच्या दारात आडवी लावली.

आणि कहर म्हणजे दातवाला आज बाहेरगावी होता. दवाखान्याला कुलूप. दवाखाना बंद असताना ही गर्दी, तर उघडा असताना काय होत असेल? हा मुद्दा मी सर्वांसमोर मांडला. सगळे सुन्न झाले. सचिवांनी फोटो काढले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? उपाध्यक्षबाईंनी विचारलं, रोज असंच असतं का हो? मी खिन्न आवाजात म्हटलं, रोज.

सासरेबुवा गॅलरीतून ओरडले की जावईबापू, तुम्ही सगळे निघालात की गल्ली मोकळी होईल. चार लोकांत टोमणे मारायची त्यांची जुनी सवय. मी हसून वेळ मारून नेली.

सचिवांनी जागच्या जागी लिहिलेलं वाक्य मला फार आवडलं. सदर गल्ली वाहनांनी भरलेली आढळली. किती साधं आणि किती भेदक.

१ ऑक्टोबर, बुधवार

ठराव एकमताने मंजूर. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना, सर्व वेळ, सर्व वाहनांना मनाई. लावायचं तर नाहीच, थांबायचंही नाही. सोबत नवी फलक नियमावली, शहरभर लागू: भिंतीबाहेर डोकावणारा कोणताही फलक चालणार नाही. पाटी भिंतीला चिकटून, सपाट. लिहिताना डोळ्यांसमोर एकच दाढ होती, पण नियमात दाढ असा शब्द घालता येत नाही म्हणून कोणताही फलक असं लिहिलं.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. आता बघू दातवाला काय करतो.

हिला ठराव वाचून दाखवला. हिने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, मग माझ्याकडे येणाऱ्यांनी गाडी कुठे लावायची? म्हटलं, पायी यावं, तब्येतीला चांगलं. हिने विचारलं, बारा पडद्यांचं बोचकं घेऊन? मी म्हटलं, ठरावात पडद्यांचा उल्लेख नाही. मुद्दा मी जिंकला. ही मशीन चालवायला लागली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दाढ उतरवली! नगरपरिषदेची दोन माणसं शिडी घेऊन आली होती. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. मोठ्या मनाच्या माणसाने विजय असाच बघावा.

मग शिडी गल्ली ओलांडून आमच्या दारात आली. मी बाहेर गेलो. त्यांनी वर बोट दाखवलं. कात्री.

मी म्हटलं, अरे, ही माझी. त्यांनी विचारलं, डोकावते की नाही? डोकावते हे खरं होतं. मी ओळख सांगितली. ते म्हणाले, साहेब, सही तुमचीच आहे. तेवढ्यात हीच बाहेर आली, म्हणाली काढा, आणि कात्री खाली उतरताना स्वतः दोन्ही हातांनी धरली. मी म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा. ही म्हणाली, हो, आता ही ठेवू कुठे ते सांगा.

कात्री सध्या आमच्या कपाटावर आहे. झोपताना तिचं टोक माझ्याकडे असतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दातवाल्याने एका दिवसात नवी पाटी लावली. नियमाप्रमाणे भिंतीला चिकटून, सपाट, परवानगी आहे तेवढी मोठी. पांढरी, आत ट्यूबलाइट. जुनी दाढ काटकोनात होती, तिचा उजेड गल्लीच्या दोन टोकांना जायचा. ही सपाट पाटी थेट आमच्या बेडरूमकडे तोंड करून आहे.

तक्रार करावी म्हणून नियमावली पुन्हा वाचली. पाटी अगदी नियमात बसते. नियमावली फारच नीट लिहिली गेली आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मनाईचे खांब रोवले. गल्लीच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर एकेक. मी दिवसभर गाडी घेऊन नगरपरिषदेत होतो. संध्याकाळी आलो तर तिसरा खांब आमच्या फाटकाच्या मधोमध.

खांब देखणा आहे. त्यावर लाल वर्तुळ आहे. पण गाडी आत जात नाही. आणि बाहेर लावता येत नाही, कारण लाल वर्तुळ.

सासरेबुवांनी गॅलरीतून विचारलं, जावईबापू, आता गाडी घडी घालून आणणार का? खालून उत्तर देणं माझ्या पदाला शोभलं नसतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सचिवांना भेटलो. कपाट उघडलं. एकदा लावलेला शासकीय फलक वर्षभर हलवता येत नाही. विचारलं, असा नियम कुणी केला? म्हणाले, परवाच्या नियमावलीत कलम नऊ, आपणच आग्रह धरला होता. दातवाल्याने वशिला लावून खांब हलवू नये म्हणून मी ते घातलं होतं. दूरदृष्टी.

गाडी आता पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात लावतो. तिथून घर पायी. चालणं तब्येतीला चांगलं असं माझं आधीपासूनच मत आहे. आज वाटेत तीनदा बसलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

गल्ली आता बघण्यासारखी झाली आहे. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. मधे काही नाही. मी सकाळी फाटकात उभा राहून दहा मिनिटं ही शांतता अनुभवली.

ठरावाचा आणखी एक फायदा. हिला आता विश्रांती मिळते. पूर्वी जेवायला वेळ नसायचा, आता दुपारी दुकानात नुसती बसलेली असते. मी म्हटलं, बघ, माझ्यामुळे तुला उसंत मिळाली. हिने रिकाम्या मशीनला तेल घातलं. मनातून पटलं असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक बाई स्कूटरवरून आली. हातात कोट, बाही उसवलेली. दुकानासमोर एक पाय टेकवला, हिने हात पुढे केला, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नगरपरिषदेच्या दंड वसूल करणाऱ्या माणसाची शिट्टी वाजली. बाईने कोट तसाच मांडीवर घेतला आणि गाडी पळवली. हिचा हात पुढेच राहिला.

मग हिने आमच्याच घरातला पडदा घेतला, त्याची कड उसवली आणि पुन्हा शिवली. काल पण हाच पडदा होता.

चार वाजता हिने मशीनवर कापड घातलं. इतक्या लवकर हे कापड मी कधी पाहिलं नव्हतं. मला कसंतरीच झालं. खरं लिहायचं तर वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. उद्या यावर विचार करीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

विचार करायला वेळ झाला नाही. दाढ दुखते आहे. उजवीकडची, मागची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लवंग, मिठाचं पाणी, बर्फ, निर्धार. काहीही चाललं नाही. गाल पावासारखा फुगला आहे. शहरात दातवाले आणखीही आहेत. सगळ्यात जवळचा टाकीच्या पलीकडे. तिथवर चालत जायचं आणि दाढ घेऊन जायचं, या दोन गोष्टी एकदम होणार नाहीत. समोर जाणार नाही म्हणजे नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

समोर गेलो.

वाट बघायच्या खोलीत मी एकटा. पूर्वी तिथे बसायला खुर्ची मिळत नसे. दातवाल्याने बसवलं. खुर्ची मागे केली, दिवा वर घेतला, माझं नाक न दाबताच तोंड उघडलं. दोन्ही हात आणि एक नळी आत गेल्यावर मग तो बोलायला लागला. अतिशय सभ्यपणे. म्हणाला, तुमचा राग नाही. पेशंट येऊ शकत नाहीत तर जागा बदलणं भाग आहे. बसस्थानकाजवळ नव्या इमारतीत जागा घेतली, मागे गाड्या लावायला मोठं मैदान आहे, नव्या वर्षापासून तिकडेच. मग म्हणाला, वाट बघायची खोली खूप मोठी आहे, वहिनींना म्हटलं एक कोपरा घ्या, मशीन सहज बसेल.

मी जोरदार विरोध केला. तो आ, आ, आ असा ऐकू आला. त्याने विचारलं, दुखतंय का? मी मान हलवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तोंड उघडं ठेवून होता.

दाढ वाचली. पैसे घेतले नाहीत. नवा टूथब्रश दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हिला विचारलं. खरं आहे. हिने अजून हो म्हटलेलं नाही. म्हणाली, जायची हौस नाही, घरातलं दुकान कुणाला नको असतं? पण इथे कुणी फिरकत नाही, आणि घर चालवायचं आहे. समितीचा निर्णय फिरणार असेल तर सांगा, मी इथेच राहीन. नाहीतर नव्या वर्षापासून तिकडे.

म्हणजे सगळं माझ्यावर आहे. मला बरं वाटलं. सगळं माझ्यावर असलं की मी फार चांगलं काम करतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठराव फिरवायचा तर मुळात पुरावा खोडावा लागेल, म्हणून पाहणीचे फोटो घरी आणले. टेबलावर मांडून गाड्यांचे मालक कोण असतील याचा अभ्यास करत होतो. ही चहा घेऊन आली. कप ठेवला, एकदा बघितलं आणि म्हणाली, ही लाल उपाध्यक्षबाईंची. ही पांढरी तुमच्या त्या टक्कल पडलेल्या सदस्यांची. या समोरासमोरच्या दोन्ही गाड्यांवर नगरपरिषदेचं स्टिकर आहे. आणि ही आडवी लावलेली आपली. मागच्या दिव्याला मीच चिकटपट्टी लावली होती.

मी फोटो उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

सासरेबुवा चष्मा घालून मुद्दाम खाली आले. फोटो बघून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, आपलेच दात आणि आपलेच ओठ, जावईबापू. मी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं. गल्ली भरली होती ती तुमच्याच वरातीने.

मी गाढव आहे. हे वाक्य कुणी वाचणार नाही म्हणून लिहिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अगदीच गाढव नाही. योजना सुचली आहे. फेरपाहणी! अध्यक्षाला फेरपाहणी मागता येते. या वेळी सगळ्यांनी पायी किंवा बसने यायचं. गल्ली रिकामी दिसेल, सचिव तसं लिहितील, ठराव रद्द, हिचं दुकान वाचलं. चूकसुद्धा कबूल करावी लागणार नाही. हिला सांगितलं, निश्चिंत राहा. ही म्हणाली, बघू. पण संध्याकाळी मशीनवरचं कापड काढून पुन्हा पडदा घेऊन बसली. त्यात थोडी आशा होती असं मला वाटलं.

११ डिसेंबर, गुरुवार

सहाही सदस्यांना वेगवेगळे फोन केले. गाडी आणू नका. सगळे हो म्हणाले. भत्त्याचं काय असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक दिवस शहरासाठी. पलीकडून प्रत्येक वेळी एक उसासा आला. तो मला भारावलेला वाटला.

१९ डिसेंबर, शुक्रवार. फेरपाहणीचा दिवस

सकाळी घरून पायी निघालो. नगरपरिषदेत फाइल घ्यायची होती. फाइल मिळायला उशीर झाला, सचिव निघून गेले होते. पायी परत येणं शक्य नव्हतं. वाटेत टाकीजवळ गाडी होतीच. म्हटलं, एका गाडीने काय होतंय?

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि ब्रेक दाबला.

उपाध्यक्षबाईंची लाल. त्यांचा गुडघा दुखत होता. टक्कलवाल्यांची पांढरी. त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं. बाकीच्यांना वाटलं होतं की बाकीचे पायी येणार आहेत, मग आपल्या एका गाडीने काय होतंय? शिवाय या वेळी सचिव कार्यालयाची मोठी गाडी घेऊन आले होते, कारण फेरपाहणीला मोजायची टेप लागते. मागून हॉर्न वाजला. मीच गल्ली अडवून उभा होतो.

सचिवांनी मोजलं, फोटो काढले, लिहिलं. सदर गल्ली पुन्हा भरलेली आढळली. स्थिती पूर्वीपेक्षा गंभीर. मनाई कायम करण्यास हरकत नाही. आणि पेन माझ्यापुढे धरलं.

ही दुकानाच्या दारात उभी होती. फक्त एवढंच म्हणायचं होतं की या गाड्या आपल्याच आहेत. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी उपाध्यक्षबाई सर्वांना म्हणाल्या, बघा, असा अध्यक्ष हवा. स्वतःच्या गल्लीलाही सोडलं नाही, घरच्यांच्या पाटीलाही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष झाल्यापासून माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पेन हातात होतं.

सही केली.

वर बघितलं तेव्हा ही दारात नव्हती. गॅलरीही रिकामी होती. सासरेबुवा आत गेले होते. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर, शनिवार

ही चिडली नाही. फक्त म्हणाली, मशीन जड आहे, उचलायला एक हात लागेल. मी धरलं. पायऱ्यांवर दोनदा टेकवलं. मशीनच्या जुन्या जागी फरशीवर चार खळगे पडले आहेत. मी माफी मागायची ठरवली होती, पण धाप लागली होती.

२ जानेवारी, शुक्रवार

नवे संकल्प. पहाटे उठणे. चूक कबूल करायला शिकणे (सहा महिन्यांत, टप्प्याटप्प्याने).

दवाखाना आणि दुकान दोन्ही तिकडे सुरू झाले. दातवाल्याची पाटी गेली. बेडरूममध्ये अंधार. झोप येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

हिचं काम तिकडे जोरात आहे. सकाळी जाते, संध्याकाळी येते, येताना गुणगुणत असते. कपाटावरची कात्री तिकडे नेली.

आज माझ्या एकुलत्या एक चांगल्या पँटचं बटण तुटलं. बाकीच्या तीन कंबर सैल करायला हिने मागच्या आठवड्यातच नेल्यात. हिला घरी म्हटलं, जरा लावून दे. म्हणाली, घरी आता मशीन नाही, दुकानात आणा. पँट सेफ्टी पिनेने अडकवली, पिशवीत पायजमा घेतला आणि गेलो.

खोली भरलेली. एका गाल सुजलेल्या माणसाच्या आणि एका पडद्याच्या बोचक्याच्या मधे बसलो. हिच्या डोक्यावर कात्री लटकत होती, भिंतीतून चांगली हातभर बाहेर. खोलीच्या आत नियमावली लागू नाही. हिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. गाल सुजलेला माणूससुद्धा हसायचा प्रयत्न करत होता. नंबर आला तेव्हा ही इतरांना म्हणते तसंच मलाही म्हणाली, बोला.

म्हटलं, तातडीचं आहे. बुधवारी मोठी स्थळपाहणी आहे. हिने विचारलं, कुठे? मी जरा खालच्या आवाजात सांगितलं की इथेच, या इमारतीच्या मागचं मैदान. गाड्या फार होतात अशी उपाध्यक्षबाईंची तक्रार आहे. सगळे सदस्य येणार आहेत.

हिने पँट उलटी करून बघितली. मग विचारलं, अध्यक्षाशिवाय पाहणी होते का? मी अभिमानाने म्हटलं, छे, मुळीच नाही, नियमच आहे. हिने कमरेवर खडूची खूण केली आणि पँट ढिगाच्या अगदी तळाशी घातली. म्हणाली, गुरुवारी या.

मी म्हटलं, नुसतं बटण आहे. ही म्हणाली, पुढचे कोण?

२१ जानेवारी, बुधवार. सकाळी अकरा

सासरेबुवांना त्यांची पँट मागितली. म्हणाले, तुम्हाला ती नडगीपर्यंत येईल, आणि पुरली असती तरी दिली नसती.

सचिवांना फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. पाहणी रद्द.

पायजम्यात खिडकीशी बसलो आहे. इथून फाटक दिसतं, खांब दिसतो, समोरच्या भिंतीवर दाढेचे चार खिळे दिसतात. बसल्या बसल्या एक स्थळपाहणी मीच उरकली. फोटो काढले नाहीत.

गल्ली रिकामी आढळली.